थंड देशातला हीट पंप आणि आपल्या न्हाणीतलं गरम पाणी

(तुळजापूर इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा वक्त्याची तशीच ठेवली आहे. निवडक प्रश्नोत्तरं शेवटी आहेत.)

आत येण्याआधी बाहेर चहा घेत होतो, तिथंच एका काकांनी मला धरलं. म्हणाले, "सर, घर गरम करायच्या मशीनवर व्याख्यान, आणि तेही धाराशिव जिल्ह्यात? आमचं घर थंड व्हायचं काहीतरी सांगा." काकांचं चुकलं नाही. आपल्याकडं घर गरम करायला मे महिना पुरेसा आहे.

पण त्याचं असं झालं. मी आयुष्यभर फ्रिज-एसीची दुरुस्ती शिकवली. शिकवलेली मुलं कुठं कुठं जातात. त्यातला एक कॅनडात ओटावाला आहे. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. घरातले जुने विजेचे हीटर काढून हीट पंप बसवायचा म्हणतोय, कंपनीनं अठरा हजार डॉलरचं कोटेशन दिलंय, फसवतायत का बघा. आपल्या पैशात ते दहा लाखांच्या वर जातं. त्याच आठवड्यात इथले एक लॉजवाले घरी आले. हातात कागद, हीट पंपाचंच कोटेशन, सात लाखांचं. आणि तिसऱ्या आमच्या शेजारच्या ताई. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, गिझर काढा, हीट पंप लावा, बिल पाऊण भागानं खाली येतं. त्यांचा खर्च होता एक लाख पंधरा हजार.

तिघांचा प्रश्न एकच होता, एवढे पैसे घालू का? मशीनही आतून एकच. पण माझी तीन उत्तरं वेगवेगळी होती, आणि ती का वेगळी होती एवढंच आज सांगायचं आहे.

आधी मशीन काय आहे ते बघू. तुमच्या घरात फ्रिज आहे ना? त्याच्या मागं हात लावून बघा, ऊबदार लागतं. ती ऊब आली कुठून? आत ठेवलेल्या दुधातून, भाजीतून. फ्रिज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आता उलटं करा. बाहेरच्या हवेतली उष्णता उचला आणि आतल्या पाण्यात टाका. झाला हीट पंप. तोच कॉम्प्रेसर, तीच कॉइल, तोच गॅस.

ही कल्पना काही आजची नाही. लॉर्ड केल्व्हिननं १८५२ मध्ये ती मांडली होती. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराच्या जुन्या नगरभवनात १९३८ साली असा पंप बसवला, आणि तो उष्णता घ्यायचा शेजारून वाहणाऱ्या लिमात नदीतून. नदीचं थंडगार पाणी, त्यातून उष्णता काढून इमारत गरम! ऐकायला विचित्र वाटतं. पण थंड म्हणजे उष्णता नाही असं नसतं, कमी असते इतकंच. उणे वीस अंशाच्या हवेतसुद्धा उष्णता असते. फक्त ती खोल असते.

खोल हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुम्हाला विहीर आणि बोअर दोन्ही माहीत आहेत. चाळीस फुटांच्या विहिरीवर मोटार बसवली तर धो धो पाणी येतं. तीच मोटार तीनशे फुटांच्या बोअरमध्ये सोडली तर? करंगळीएवढी धार, आणि वीज तेवढीच. हीट पंपाचं डिट्टो तसंच आहे. बाहेरची हवा आणि आपल्याला हवं असलेलं गरम पाणी, यांच्या तापमानातला फरक म्हणजे विहिरीची खोली.

आपल्याकडं डिसेंबरातल्या सकाळी बाहेर १५ अंश धरा. पाणी करायचंय ५० अंश. खोली झाली ३५ अंशांची. ओटावाला रात्री उणे २० आणि घरात खेळवायचं पाणी किंवा हवा ४५ अंशांची. खोली ६५. म्हणून आपल्याकडं हे मशीन एक युनिट वीज खाऊन तीन ते चार युनिटांएवढी उष्णता आणून देतं, आणि तिथं कडाक्याच्या रात्री दोनच्या आसपास घुटमळतं. वरून बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो, तो वितळवायला मशीन मधूनमधून उलटं फिरवावं लागतं. म्हणजे घरातली थोडी ऊब परत बाहेर. गिझरचं किंवा साध्या हीटरचं तसं नाही, ते एका युनिटाला एक युनिट देतात, इथंही आणि ओटावालाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तर हे मशीन आपल्यासाठीच बनलंय. विहीर उथळ, धार मोठी. इथंच लोक चुकतात. आमच्या ताईंना सांगणाराही इथंच चुकला.

ताईंचा हिशेब मांडतो. हा हिशेब कुणीही पाठीमागच्या कागदावर करू शकतो. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. घरात चार माणसं, प्रत्येकाला पंचवीस लिटर कढत पाणी, त्यात गार मिसळून आंघोळ. म्हणजे शंभर लिटर, २० अंशांवरून ५० वर. उत्तर येतं साडेतीन युनिट. गिझर टाकीतून थोडी उष्णता गमावतो, म्हणून चार धरा. हीट पंपाला लागतात सव्वा ते दीड युनिट, आपण त्याच्या बाजूनं सव्वाच धरू. वाचले रोजचे पावणेतीन युनिट. युनिटला सगळे आकार मिळून दहा रुपये धरले तर सत्तावीस रुपये. बरे आहेत की.

पण किती दिवस? मला खरं सांगा, मार्च ते जून गरम पाण्यानं कोण आंघोळ करतं? उन्हाळ्यात तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच हात पोळवतं. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत आणि पावसाळ्यातले काही दिवस, मिळून दीडशे दिवस धरू. वर्षाची बचत झाली चार हजार रुपये. त्यासाठी गिझरपेक्षा जादा घालायचे एक लाख. पंचवीस वर्षं! मशीनचं आयुष्य बारा-पंधरा वर्षं. वर्षभर रोज कढत पाणी लागणारं घर असलं, आजारी माणूस असला, लहान बाळ असलं, तरीही दहा वर्षं लागतात.

ताईंना मी "नको" सांगितलं. त्यांना वाटलं मशीन खराब आहे. मशीन उत्तम आहे. त्याला आपल्या घरात पुरेसं काम नाही. दोन म्हशी असलेल्या माणसानं हजार लिटरचा कूलर घेतल्यासारखं होतं ते.

ओटावाचं उलटं. तिथं घर सात महिने गरम ठेवावं लागतं. तशा घराला वर्षाला पंधरा हजार युनिट उष्णता लागते असं धरलं, तर साध्या हीटरला पंधरा हजार युनिट वीज. हीट पंप हंगामभर सरासरी अडीच पट देतो असं म्हणू, त्याला सहा हजार. वाचले नऊ हजार युनिट. आपल्या ताईंचे वर्षाला वाचत होते चारशे. तुलना सोपी व्हावी म्हणून तिथंही दहा रुपयेच दर लावला तर वर्षाला नव्वद हजार. दहा लाखांचं मशीन अकरा-बारा वर्षांत फिटतं, आणि तिथली सरकारं अनुदानं देतात ती वेगळी. शेजारी स्वस्त पाइप गॅस असेल तर हे गणित बिघडतं, हेही सांगून ठेवतो. पण त्याच्याकडं गॅस नव्हता.

म्हणजे गंमत बघा. मशीन जिथं रडतखडत चालतं तिथं ते पैसे फेडतं, आणि जिथं मस्त चालतं तिथं फेडत नाही. पट किती मिळते याची जाहिरात होते. वर्षाला किती उष्णता वापरणार हे मात्र कोटेशनमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं.

ओटावाच्या कोटेशनात आणखी एक गोष्ट होती, ती तुम्हालाही उपयोगाची आहे. अठरा हजारांत मशीनची किंमत जेमतेम निम्मी. बाकी? विजेचं पॅनेल बदलणं, कारण जुनी जोडणी अपुरी. उणे पंचवीसच्या रात्रींसाठी जादा हीटर. हवेचे नळ. आणि मजुरी. मी त्याला म्हणालो, बाबा, या कागदावर एक खर्च राहिलाय, तो आधी कर. माळ्यावर काय घातलंय ते बघ. घराला भोकं असतील तर तू रस्ताच गरम करणार. त्यानं माळ्यावर उष्णतारोधक थर वाढवला, फटी बुजवल्या, आणि कंपनीला परत मोजायला लावलं. मशीन एका नंबरनं लहान चाललं. कोटेशन अडीच हजार डॉलरनं उतरलं.

हे आपल्या आज्यांना माहीत होतं. आपल्या भागातलं माळवद आठवा. सागाची किंवा कडुलिंबाची तुळई, वर फळ्या, त्यावर हात-दीड हात मातीचा थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पण तेच माळवद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लोकांच्या अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर... या सभागृहात त्या रात्रीतून गेलेली माणसं असतील, त्यांना मी काय सांगणार. त्यानंतर आपण स्लॅब आणि पत्र्याकडं गेलो, आणि ते योग्यच होतं. फक्त एक गोष्ट मागं राहिली. उष्णता अडवायला वजन लागतच नाही. अडकलेली हवा लागते. गोधडी कशानं ऊब देते? जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते म्हणून. स्लॅबवर हलका रोधक थर टाकून त्यावर पांढऱ्या फरशा लावता येतात, तो स्लॅब मे महिन्यात तुम्हाला दुवा देतो. चहावाल्या काकांना घर थंड करायचं उत्तर हवं होतं, ते हे आहे.

स्वीडनमधली एक गोष्ट सांगतो आणि मग लॉजकडं येतो, कारण ती ऐकून आपल्या माणसांना हसू येतं. तिथं लाखो घरांत जमिनीतून उष्णता घेणारे पंप आहेत. त्यासाठी अंगणात बोअर मारतात, शंभर-दोनशे मीटर खोल. सव्वातीनशे ते साडेसहाशे फूट म्हणा. पाण्यासाठी नाही हं. बोअर कोरडा गेला म्हणून तिथं कुणी डोक्याला हात लावत नाही. आत नळी सोडायची, तिच्यात न गोठणारं पाणी फिरवायचं, आणि खडकातली सात-आठ अंशांची ऊब वर आणायची. बाहेर उणे वीस असलं तरी खाली खडक सात-आठ अंशांवरच असतो, म्हणजे विहीर बारा महिने उथळ. पण बोअरचा खर्च किती याची कल्पना धाराशिवकराला द्यायची गरज नाही. तिथंही मशीनपेक्षा भोकच महाग पडतं अशी तक्रार ऐकू येते.

बरं. आता लॉज.

तुळजापूरची गोष्ट वेगळी का आहे? कारण इथं पहाटे आंघोळ करणारी माणसं हजारांनी येतात. नवरात्र, कोजागरीची पौर्णिमा, मंगळवार-शुक्रवार. पहाटे साडेतीन-चारला प्रत्येक खोलीतून एकच हाक, गरम पाणी. कल्लोळात, गोमुखाला जाणारेही आधी लॉजवर गरम पाण्यानं अंग ओलं करून जातात, थंडीत तर नक्कीच.

त्या लॉजवाल्यांकडं तीस खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत दोन किलोवॅटचा गिझर. पहाटे चारला सगळे चालू झाले तर साठ किलोवॅट. एवढा मंजूर भार त्यांचा नव्हताच. मग काय व्हायचं, मेन पडायची, मुनीम बॅटरी घेऊन जिन्यात, आणि भक्त टॉवेल गुंडाळून गॅलरीत. भार वाढवून मागितला तर नवीन केबल, नवीन पॅनेल, दरमहा स्थिर आकार जादा, कदाचित डीपीचाही प्रश्न. हे पैसे त्यांनी हिशेबात धरलेच नव्हते.

आपण धरू. तीस खोल्या, खोलीत तीन माणसं, माणशी तीस लिटर. सत्तावीसशे लिटर पाणी, तीस अंशांनी वर. उष्णता लागते ९४ युनिट. गिझरला गळती धरून शंभर युनिट वीज. हीट पंपाला तिसरा हिस्सा म्हणजे बत्तीसच्या आसपास. रोजचे अडुसष्ट युनिट वाचले. व्यापारी दर सगळं धरून पंधरा रुपये मानला तर हजार रुपये रोज. लॉज काही रोज भरत नाही. वर्षात पूर्ण भरल्यासारखे दोनशे दिवस धरले तर दोन लाख. सात लाख साडेतीन वर्षांत निघाले. आणि मशीन संध्याकाळी सहाला लावलं तर पहाटे चारपर्यंत दहा तासांत ते हे पाणी निवांत तापवतं. त्यासाठी वीज किती खेचावी लागते? तीन-साडेतीन किलोवॅट. साठच्या जागी साडेतीन! मला विचाराल तर लॉजवाल्यानं बचतीपेक्षा या एका आकड्यासाठी हे मशीन घ्यावं.

म्हणून त्यांना मी "घ्या" म्हणालो. पण कोटेशन बाजूला ठेवून आधी गच्चीवर चला म्हणालो.

कारण तीन हजार लिटरची टाकी म्हणजे तीन टन वजन, वरून टाकीचं आणि स्टँडचं वेगळं. गावातल्या निम्म्या लॉज जुन्या घरांवर मजले चढवून झालेल्या आहेत. ती टाकी कुठल्या खांबावर बसणार, हे सिव्हिल इंजिनिअरला विचारल्याशिवाय जागा ठरवायची नाही. दुसरं, नळ. गिझर खोलीत असतो, त्यामुळं नळ दोन फुटांचा. इथं गच्चीवरून तळमजल्यापर्यंत गरम पाणी न्यायचं. नळावर नीट रोधक आवरण नसेल तर तुम्ही भिंती तापवणार. आणि पाणी नळातून सतत फिरतं ठेवणारा छोटा पंप नसेल तर खालच्या खोलीतला माणूस पाच मिनिटं गार पाणी सोडून देणार. दुष्काळी भागात टँकरचं पाणी असं मोरीत सोडायचं? त्यांच्या कोटेशनात हा परतीचा नळच नव्हता. तो धरल्यावर सात लाखांचे आठ झाले. तरी चार वर्षांत फिटतात.

तिसरं म्हणजे क्षार. आपलं बोअरचं पाणी कसं आहे ते तुमच्या बादल्या सांगतात. तापलं की पांढरा थर धरतं. गिझरची कॉइल जाते तेव्हा आपण पाचशे-हजारात बदलतो. हीट पंपात ज्या भागात गरम गॅसची उष्णता पाण्याला मिळते, तिथं थर बसला की धार हळूहळू कमी होत जाते, मशीन जास्त वेळ चालतं, वीज वाढते आणि कळतही नाही. वर्षातून दोनदा धुणं, किंवा आधी क्षार काढणारं यंत्र. पाणी गरजेपेक्षा जास्त तापवू नका, पन्नास-पंचावन्नला थर कमी बसतो. मात्र लॉज आठ-पंधरा दिवस रिकामी असेल तर लोकांना द्यायच्या आधी टाकी एकदा साठच्या वर नेऊन घ्या. कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वसतिगृहाला मी हे मशीन घ्यायला सांगितलं. चोरीची भीती होती म्हणून जागा मीच दाखवली, जिन्याखालची बंद खोली. पहिले दोन दिवस उत्तम. तिसऱ्या दिवशी पोरं ओरडायला लागली. जाऊन बघतो तर खोली अशी गार की भाजी ठेवावी! मशीन खोलीतल्या हवेतली उष्णता काढून पाण्यात टाकत होतं, खोलीत नवी हवा यायला जागा नव्हती. विहीर रोज खोल होत चालली होती आणि ती मीच खणली होती. पस्तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाकडून ही चूक. भिंतीला दोन मोठी जाळ्या-झडपा पाडून ते सुटलं, पण त्याचं बिल वसतिगृहानं भरलं याची मला अजून लाज वाटते. मशीन मोकळ्या हवेतच ठेवा, वर सावलीचं छप्पर चालेल.

मग घरासाठी काय, असं ताईंनी शेवटी विचारलंच. गच्ची स्वतःची असेल आणि ऊन अडत नसेल तर सौर बंब. दोनशे लिटरचा नळ्यांचा बंब फिटिंगसह तीस-पस्तीस हजारांच्या आसपास पडतो. दीडशेपैकी एकशेवीस दिवस त्यानं काम केलं तरी रोज चाळीस रुपयांचा गिझर बंद. सहा-सात वर्षांत वसूल. आपल्याकडं हिवाळ्यातलं आकाश निरभ्र असतं ही देवानं दिलेली गोष्ट आहे. ओटावाला ऐन गरजेच्या दिवसांत सूर्य चारच्या सुमाराला कलतो, आपल्याला तो पुरून उरतो.

गच्ची नसेल, भाड्याचं घर असेल, तर साधा गिझर, अर्धा तास आधी लावायचा आणि बंद करायचा. त्यात काही कमीपणा नाही. एवढं मात्र बघा की घरगुती दराचे टप्पे शंभर युनिट, तीनशे युनिट असे आहेत. दिवसाला चार युनिट म्हणजे महिन्याला एकशेवीस. गिझर तुमचं बिल नुसतं वाढवत नाही, ते पुढच्या टप्प्यात ढकलतो, आणि त्या टप्प्यातलं युनिट महाग असतं. म्हणून थंडीतलं बिल बघून धक्का बसतो.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, छतावर विजेचं सोलर बसवलंय. मग सौर बंबाऐवजी हीट पंप चालवला तर वीज फुकटच ना?

उत्तर : चांगला प्रश्न. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळं आता बऱ्याच गच्च्यांवर पॅनेल दिसतात. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतं. हीट पंपाला सव्वा युनिट लागतं, पण तुमच्या साध्या गिझरला चार लागतात. म्हणजे जादा एक किलोवॅट पॅनेल टाकलं तर गिझरही निघतो, आणि ते पॅनेल मार्च ते जूनमध्ये पंख्या-कूलरला वीज देतं. हीट पंप उन्हाळ्यात नुसता उभा राहतो. मी तरी पॅनेल वाढवीन.

प्रश्न : आमच्याकडं गॅसचा गिझर आहे. तो स्वस्त पडतो का?

उत्तर : पडतो. शंभर लिटरला साधारण साडेतीनशे ग्रॅम गॅस लागतो. किलोला साठ रुपये धरले तर वीस-एकवीस रुपये, विजेच्या गिझरच्या निम्मे. पण तो बसवलाय कुठं? न्हाणीत? खिडकी? (प्रश्नकर्ते : छोटी आहे, थंडीत बंद असते.) मग आज घरी गेल्यावर पहिलं काम हे करा. तो बाहेर काढा, भिंतीपलीकडं लावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत घ्या. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. माणूस चक्कर येऊन पडतो आणि दाराला आतून कडी असते. आपल्या राज्यात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचं तेच होतं. वीस रुपयांचा हिशेब मी याच्यापुढं मांडणार नाही.

प्रश्न (एक ताई) : आमच्या घरी बंब आहे, तुराट्यांवर. फुकट आहे म्हणून हे बदलू देत नाहीत.

उत्तर : ताई, पहाटे उठून तो पेटवतं कोण? (ताई : मी.) आणि तुराट्या फोडून, ओल्या होऊ नयेत म्हणून झाकून ठेवतं कोण? (मीच की.) मग तो फुकट आहे हे म्हणणारा माणूस आठवडाभर बंब पेटवू दे. नंतर सौर बंबाच्या तीस हजारांबद्दल घरात बोला. त्याला मी सांगितलं म्हणा. जुना बंब मोडीत घालू नका, पावसाळ्यातल्या झडीच्या दिवसांत लागेल.

प्रश्न : सर, मी भूम तालुक्यातला. आमचं दूध संकलन केंद्र आहे, हजार लिटरचा कूलर आहे. भांडी धुवायला रोज गरम पाणी लागतं, ते आम्ही लाकडावर करतो. हीट पंप परवडेल का?

उत्तर : दादा, तुमच्याकडं हीट पंप आधीच आहे. तुम्ही तो फक्त अर्धाच वापरताय. हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ वर आणताना त्यातून पस्तीस युनिट उष्णता निघते. त्यात कॉम्प्रेसरची वीज मिळून पंचेचाळीसच्या वर होते. ती सगळी तुम्ही मागच्या पंख्यानं रानात उडवून देता, आणि शेजारी लाकडं जाळता. कॉम्प्रेसरमधून निघणारा गरम गॅस पंख्याकडं जायच्या आधी पाण्याच्या टाकीतून फिरवायचा, एवढाच बदल आहे. सगळी उष्णता हाती लागणार नाही, पण तिसरा हिस्सा लागला तरी चारशे लिटर पाणी तीस अंशांनी वर येतं. भांड्यांना त्याहून कढत पाणी लागेल, तेवढं वरचं काम हीटर करील. शिवाय गॅस आधीच गार झाल्यामुळं कूलरवरचा ताणही थोडा उतरतो. हे काम कुठल्याही फिटरकडून करून घेऊ नका, गॅसचा दाब चुकला तर कॉम्प्रेसर जातो. तुमच्या कॉम्प्रेसरवर एक पत्र्याची पाटी असेल, तिचा फोटो काढून आणा, आणि रोज किती दूध येतं ते महिन्यावार लिहून आणा. उन्हाळ्यात दूध निम्म्यावर येतं तुमच्याकडं, ते धरूनच टाकी किती मोठी घ्यायची ते ठरवू.